पळसफाट्यावर टाचणी नाही

प्रश्न ११. पिण्याचे पाणी कोठून घेता? नदी / विहीर / पाट / इतर.

"ते तुमीच सांगा. कुलूप तुमीच घातलंय न्हवं?"

राहीबाईनं असं म्हटलं आणि नेमिनाथ चौगुल्यांची पेन्सिल फॉर्मावर अडली.

सोप्यात दोनच माणसं बसली होती. एक ते स्वतः, मिरजेच्या रोगपाहणी केंद्राचे क्षेत्र-सहायक. दुसरे राहीबाईचे मालक नाथाजी हवालदार, तोफखान्यात वीस वर्षं काढून दोन्ही कान तिथंच ठेवून आलेले. राहीबाई उंबऱ्यात उभी होती. बोलणं सगळं तिचं. हवालदार ती बघेल तिकडे बघत.

"विहीर सरकारी आदेशानं बंद झाली. मी नाही केली."

"आन् आदेशाला हिरीचं नाव कुनी सांगितलं?"

नेमिनाथांनी 'विहीर' खोडलं, 'पाट' या शब्दाभोवती गोल केला. धाकटी चंद्रा आतून पाण्याचा पेला घेऊन आली. पाट दीड मैलावर होता, आणि ते पाणी डोक्यावरून आलेलं असणार.

"नको. माझं आहे बरोबर."

त्यांनी पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या काढला. मिरजेच्या घरचं पाणी, दुहेरी फडक्यातून गाळलेलं. दोन घोट घेतले, झाकण घट्ट फिरवलं.

"बगा, ह्येच!" राहीबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे ऐकवलं नेमिनाथांना. "तीन वर्सं येताय. एकदा म्हून घोटभर घेतलं न्हाई आमच्यातलं. मानूस न्हवं, मांजार हाय. वास घ्यायचा आन् मागं सरायचं."

चंद्रा पेला घेऊन आत गेली. आत कोणीतरी हसलं.

"आता कुनाचं मेलं म्हून आलाय?"

"कोणाचं नाही. नेहमीची फेरी."

"मग बरी खबर घिऊन जावा. चंद्रीचं ठरलंय. जेठात बार उडवायचा."

"वा. कुठे दिलीत?"

"पळसफाट्याला, शिरवळच्या अंगाला. दुसरं कोन घेतंय आमच्या पोरी? तुमचं ते पेपरात आल्यापासनं तांबळवाडीचं नाव काढलं की मानसं पायात चपला घालत्यात. फाट्याची मानसं मातुर चांगली. आमची थोरली मनी तितंच, भावकीतल्या आनी चार पोरी तितंच. म्हनली, हिरीचं पानी काय पोरीसंगं वरातीत येत न्हाई."

नेमिनाथांनी चांगलं झालं म्हणून सांगितलं, आणि खरोखरच त्यांना बरं वाटलं. हा १९७६ चा मे महिना. त्यांनी फॉर्म दुमडला, विट्याची बस गाठायला दोन मैल चालत निघाले. वाटेत विहीर लागली. फळ्यांचं झाकण, वर कुलूप. कुलपाची किल्ली तहसीलदारांकडे, पण नाव टाचणीवाल्याचं.

त्या गावात त्यांना तेच नाव होतं.


प्रश्न १. घटनेचे ठिकाण.

नेमिनाथ मूळचे नकाशातले. भूमापन कचेरीत आठ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बांधांवरून शाईचं पेन फिरवलं होतं. एकाहत्तर साली डॉक्टर मगदूम परदेशातून शिकून आले आणि त्यांनी मिरजेत, एका तानपुरे करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन पाहणी केंद्र काढलं. त्यांना हात न थरथरणारा माणूस हवा होता. तो मिळाला.

"चौगुले, डॉक्टर विचारतो, याला काय झालंय," मगदूम पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आपण विचारायचं, कुठे झालंय. आणि मग त्या जागेवर संशय घ्यायचा. पाणी, धूर, माती, धान्य, सगळ्यांवर. संशय घेणं हीच आपली नोकरी."

नेमिनाथांना ही नोकरी मानवली. इतकी, की ती ऑफिसात राहीना. लग्नाच्या पंगतीत ते आधी पाण्याचा हौद कुठे आहे ते बघून येत. सासुरवाडीला गेले तरी तांब्या बरोबर. बायको, कस्तुरी, म्हणायची, "देवळातल्या तीर्थाचापण फॉर्म भरून घ्या एकदा."

गॅलरीत तानपुऱ्याचे भोपळे वाळत पडलेले, खाली दिवसभर कोणीतरी तारा जुळवतंय, आणि वर भिंतीवर दोन जिल्ह्यांचा नकाशा: वर शिरवळ, खाली मिरज. मेलेलं मूल जन्मलं की लाल डोक्याची एक टाचणी. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत नोंद मिळायची, नेमिनाथ त्या घरी जाऊन फॉर्म भरायचे, परत येऊन टोचायचे. टोचताना ते श्वास धरत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बहुतेक गावांना एखादी टाचणी होती. पुष्कळांना नव्हती. तांबळवाडीला, साठ उंबऱ्यांच्या वाडीला, अडीच वर्षांत सात.

सात लाल टाचण्या इतक्या लहान जागेत मावत नाहीत. त्यांची डोकी एकमेकांना टेकतात. लांबून बघितलं तर नकाशाला गळू झालंय असं वाटायचं. मगदूमसाहेब खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथं नेत. विहिरीचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं नाही; पण त्या काळी कुठल्या विहिरीचं निघायचं? विहीर बंद झाली. सांगलीच्या एका साप्ताहिकानं बातमी छापली. वाडीतल्या पोरींची स्थळं एकामागून एक मोडली.

त्याची टाचणी नव्हती.


प्रश्न, शाळेच्या फॉर्मातला. विद्यार्थिनीचे जन्मस्थळ.

जून लागला. नेमिनाथ घरी जमिनीवर बसून मुलीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरत होते. चंदनबालाला पहिलीत घालायचं होतं. जन्मतारीख लिहिली. जन्मस्थळ लिहिताना 'मि' काढला.

"कुरुंदवाड घाला," कस्तुरी भाकरी थापता थापता म्हणाली.

"ती मिरजेची आहे."

"मिरजेची असू दे. जन्मली माझ्या माहेरी. सव्वा महिना तिथं होतो की आम्ही. विसरलाय काय?"

"सव्वा महिना."

"मग काय वर्षभर ठेवून घेतील? सगळ्या बायका जातात माहेरी बाळंतपणाला, त्यात एवढा विचार काय करालाय?"

नेमिनाथांनी पेन खाली ठेवलं.

सगळ्या बायका जातात. त्यांची आई गेली होती, बहीण गेली, बायको गेली. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात ऊन पडतं हे ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. म्हणून तर फॉर्मात कोणी लिहिलं नव्हतं आणि तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते गावात पोचेपर्यंत पोरगी सासरी परत गेलेली असायची. उत्तरं तिची आई द्यायची. पाणी कुठलं पिता? ह्याच हिरीचं. आई खरंच सांगत होती. स्वतःचं.

"भाकरी वाढू?"

"पळसफाट्यावर टाचणी नाही," नेमिनाथ म्हणाले.

"काय?"

"एकसुद्धा नाही. तांबळवाडीच्या पाचपाच पोरी नांदतात तिथे, आणि एकसुद्धा नाही."


फॉर्मात नसलेला प्रश्न. नांदते कुठे?

त्या वर्षी हातात कागद आणि खांद्याला पिशवी घेऊन गावात शिरणाऱ्याला बघून पुरुष उसात पळत. नसबंदीवाले आले, ही हाक वाऱ्याच्या आधी पोचायची. पळसफाट्याच्या बसथांब्यावर नेमिनाथ उतरले आणि पाच मिनिटांत रस्त्यावर एक धोतर दिसेना. हमरस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड होती. आतून चारपाच बाप्ये मागच्या दारानं निसटले, मुकादमासकट. भट्टी तशीच धगधगत राहिली.

बायका मात्र बसल्या जागी होत्या. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांचा ढीग समोर घेऊन हातोडीनं फोडत होत्या. आतल्या शिशाच्या पट्ट्या एका बाजूला, काळं पाणी एका बाजूला. ते पाणी चरातून मागे जात होतं. चराच्या शेवटी आड होता.

"मनुबाई कोण? तांबळवाडीची?"

एक बाई उठली. राहीबाईचाच चेहरा, पण वाळलेला. हातावर राखेसारखी पूड.

"आमचा मालक न्हाई घरात," ती पाठ केल्यासारखं म्हणाली.

"मी त्या कामाचा नाही. तुमच्या आईच्या घरी आलो होतो, तुमचं बाळ..." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "दोन्ही वेळा."

मनुबाईनं त्यांना निरखलं. "टाचनीवाला व्हय तुमी?"

"हो."

"तुमच्यापायी सासू मला म्हनती, हीर पोटात घिऊन आलीस."

नेमिनाथांनी मान खाली घातली. मग विचारलं, "इथे अजून कोणाकोणाची मुलं अशी गेली?"

"हितं? हितं एक बी न्हाई. बाळंतपन कोन करतंय हितं? समद्या म्हायेरी जात्यात." ती हातोडीनं दाखवू लागली. "ती वाईची, तिचं पयलं गेलं. ती लोनंदची. ती फलटनकडची, तिची दोन. आमच्या वाडीच्या आमी पाची. परतेकीला वाटतंय, आपल्या म्हायेरचंच कायतरी वंगाळ हाय. सासरी बोलून दावत्यात, गप ऱ्हायाचं."

"आणि शेडमध्ये काम सगळ्याच करता?"

"आल्या दिवसापासनं. हितं सून आनायची म्हंजे कशापायी आनत्यात, वाटलं?"

मागे उसात पानं हलली. कोणीतरी बघत होतं. "चला, उरका," मनुबाई हलक्या आवाजात म्हणाली, "मुकादमानं बघितलं तर इचारंल."

रात्री मिरजेला येऊन त्यांनी नकाशासमोर दिवा लावला. वाईजवळ एक. लोणंदजवळ एक. फलटणकडे दोन. ज्या एकट्यादुकट्या टाचण्यांकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, त्या तीन वर्षं तिथंच टोचलेल्या होत्या. त्यांनीच टोचलेल्या. तांबळवाडीच्या सातांपैकी सहा पळसफाट्याच्या निघाल्या. सातवी पोरगी कोरेगावला नांदत होती आणि तिचा त्या शेडशी काही संबंध लागेना.

सहा जुळल्या होत्या. त्यांना झोप लागली नाही ती सातवीमुळे.


शेरा. हा रकाना वरिष्ठांनी भरावा.

"फॉर्म चुकलाय, सर. बाई नांदते कुठे, ते विचारतच नाही."

"दिल्लीत तयार झालाय तो, चौगुले. तिथल्या बायका काय माहेरी जात नाहीत?"

"जातात. म्हणूनच कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं."

मगदूमांनी नकाशापाशी जाऊन तांबळवाडीच्या टाचण्यांवर बोट ठेवलं. माणूस वाईट नव्हता. तांबळवाडीवरचा त्यांचा निबंध हैदराबादच्या परिषदेला गेला होता. पण त्यांच्या शंकेचं कारण तेवढंच नसावं.

"आणि सातवी?"

"तिचं कळत नाही."

"मग बघा. संशयावर विहीर बंद केली, ती चूक. आता संशयावरच शेड बंद करायची? मला सहा महिने द्या. माती आणू, त्या बायकांचं रक्त आणू. पुण्याला तपासायला पाठवू."

"सोमवारी लग्न आहे, सर."

"कोणाचं?"

नेमिनाथांनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"ते आपल्या अभ्यासात येत नाही," ते म्हणाले. मग दुसरीकडे बघत, "उद्या रजा हवी असेल तर अर्ज नंतर दिलात तरी चालेल."


प्रश्न ११, पुन्हा.

राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मांडवाचे बांबू अंगणात आडवे पडले होते.

"आधी हीर म्हनलासा. आता सासर म्हनताय. पुढल्या साली काय, आमचं रगात?"

"माझी चूक झाली."

"चूक तुमची, आन् पोरगी आमची व्हय?"

ती आत गेली. बाहेर आली ती पेला घेऊन.

"ह्ये पाटाचं न्हाई," ती म्हणाली. "हिरीचं. फळी सरकवून काढतोय आमी पयल्या दिसापासनं. दीड मैल कोन जातंय? माझ्या दोगी सुना ह्येच पित्यात. पोटात असताना ह्येच प्यायल्या, मग गेल्या आपापल्या म्हायेरी. चार नातवंडं हायत, धडधाकट. तुमी सुनांचं कवा इचारलंच न्हाई." पेला तिनं त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. "पिताय?"

नेमिनाथांनी पेला उचलला. तीन वर्षांत त्यांनी या पाण्याच्या अकरा बाटल्या लाखबंद करून पाठवल्या होत्या. ते प्यायले. एका दमात, न गाळता. पाणी गार होतं, किंचित मचूळ.

राहीबाई उंबऱ्यात टेकली.

"मी न्हाई सांगनार ह्यास्नी," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "सुपारी ह्यांनी फोडलीया. तुमीच सांगा."

आणि मग नेमिनाथांना, ज्यांनी जन्मात आवाज चढवला नव्हता, हवालदारांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं. "पळसफाट्याला! पोरगी! देऊ नका!" शेजारच्या दारात बायका आल्या. "तिथल्या कामानं! मुलं मरतात! विहिरीनं नाही!" मांडव घालणारे थांबले. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला. वाडीभर गेलं. आता ते परत घेण्यासारखं राहिलं नाही.

हवालदारांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. फौजेत विचारत असतील तसं विचारलं,

"खबर पक्की?"

कोरेगावची सातवी टाचणी नेमिनाथांच्या डोळ्यांपुढे आली. माती तपासलेली नव्हती, रक्त तपासलेलं नव्हतं. पाच वर्षांच्या नोकरीत 'शक्यता', 'संभव', 'नाकारता येत नाही' यांच्या पलीकडचा शब्द त्यांनी लिहिला नव्हता.

"पक्की," ते ओरडले.

हवालदारांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि ते सोयरीक मोडायला निघाले.


निष्कर्ष.

सहा महिन्यांनी माती आणायला गेले तेव्हा पळसफाट्यावर शेड नव्हती. पत्रे उचलले होते, आड बुजवला होता, वर मुरूम टाकून ट्रक उभे करायला जागा केली होती. भट्टी कुठे गेली, कोणी सांगेना. मनुबाईचं बिऱ्हाडही तिच्यामागून गेलं होतं. अहवालात 'कारण अनिश्चित' असं आलं. विहिरीचं कुलूप निघालं. साप्ताहिकानं ती बातमी छापली नाही.


रकाना नाही.

एकोणऐंशीच्या माघात नेमिनाथ तांबळवाडीला आले. या खेपेचा फॉर्म वेगळा होता, लहान मुलांच्या डोळ्यांचा. राहीबाई रानात गेली होती. सोप्यात शिवणयंत्रावर चंद्रा बसली होती. आधी विहिरीची पोरगी, मग मांडवातून मोडलेली पोरगी. त्यानंतर स्थळ आलंच नव्हतं. वाडीभरची झबली तीच शिवायची.

"आई नाहीत?"

"ईलच इतक्यात. बसा."

यंत्र चालू राहिलं. थोड्या वेळानं तिनं वर न बघताच विचारलं,

"तुमच्या नकाशात माझी टाचनी कंची?"

"तुमची नाही."

"माझं काय झालंच न्हाई, म्हून?"

"हो."

तिनं दोरा दातानं तोडला. झबलं उलटं करून शिवण बघितली.

"त्या दिशी आबास्नी 'पक्की' म्हनलासा. खात्री व्हती तुमची?"

खोटं बोलणं सोपं होतं. एकदा बोललेलं होतंच.

"नव्हती."

"वाटलंच व्हतं. लय जोरात वरडलासा."

"मग तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मला इचारलं व्हतं कुनी? तुमच्या फारमात माझं नाव तरी व्हतं का?"

ती उठली. नेमिनाथांच्या पिशवीतून वर आलेला फिरकीचा तांब्या तिनं न विचारता काढून घेतला, झाकण उघडलं, आतलं मिरजेचं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. मग घागर कलती करून तो काठोकाठ भरला, झाकण फिरवलं आणि त्यांच्या हातात दिला.

"हिरीचं हाय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर गाळून घ्या."

पुन्हा यंत्राचा आवाज सुरू झाला. राहीबाईची वाट न बघता नेमिनाथ निघाले. विट्याला बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली. झाकण घट्ट होतं, एक थेंब सांडला नसता. तरी मिरजेपर्यंत त्यांनी तो तांब्या मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरला होता.